सुलूमावशीची उपडी बादली

आमच्या सुलूमावशीची घर पारखायची एक पद्धत होती. कुणाकडे पहिल्यांदा गेली की ती सरळ फरशीवर बसायची, जिभेने टक्-टक् करायची आणि त्या घरचं मूल, मांजर, कुत्रं, जे असेल ते किती पटकन जवळ येतं ते बघायची. धावत आलं तर घर चांगलं. सोफ्याखाली लपलं तर चहा न घेता उठायची. "इथे कोणीतरी हात उगारतं," असं रिक्षात बसल्यावर सांगायची.

ही पद्धत डुकरांवरून आलेली. मावशी जनावरांची डॉक्टर. मानपाड्याच्या पुढे, कारखान्यांच्या मागे एका फार्मवर ती डुकरांच्या तब्येतीवर आणि सुखावर संशोधन करायची. सुखावर! माझ्या आईला, म्हणजे तिच्या सख्ख्या थोरल्या बहिणीला, हा शब्द कधीच पचला नाही. "इथे माणसांना नाही सुख, आणि ही डुकरांना विचारत फिरते, बरं वाटतंय का गं बाई?" वर्तकनगरला आमच्या दारात मावशी दिसली की आई ओरडायची, "सुले, आधी मोरीत! मग चहा." ती फार्मवरून आंघोळ करून आलेली असली तरी. चैत्रातल्या हळदीकुंकवाला तर तिला बोलावणंच बंद झालं. मावशी हसायची. माझ्या पाठीत बोटं रुतवून म्हणायची, "ताई, तुझ्या लेकाची चरबी बघ. आमच्याकडे असता तर पहिल्या नंबराने गेला असता." कुठे, ते मी कधी विचारलं नाही.

एकदा तिचं काम बघायला गेलेलो. आधीच्या गड्यांनी ती डुकरं दांडक्याने हाकून इतकी भेदरवून ठेवलेली, की माणूस दिसला की कोपऱ्यात एकमेकांवर चढायची. मावशीने मारणं बंद केलं, ओरडणं बंद केलं आणि वर्षानुवर्षं शेडमध्ये बादली उपडी घालून तिच्यावर नुसती बसून राहिली. "भ्यालेलं जनावर आजारी पडतं रे. खाल्लेलं अंगाला लागत नाही." मग माझ्यासमोर तिने टक्-टक् केलं, तशी सगळी धावत येऊन तिचे गमबूट चघळायला लागली. "बघ, तुझ्या लग्नात मुलीकडचेसुद्धा इतक्या आनंदाने आले नव्हते."

मग त्या भागात आफ्रिकन स्वाइन फीवर आला. त्याला औषध नाही. एका फार्मवर सापडला की आजूबाजूची सगळी डुकरं, धडधाकटसुद्धा, मारून पुरायची असा नियम. मावशीची सगळी धडधाकट होती.

"गाडी तू चालव," पथक फार्मवर येणार होतं त्या सकाळी ती म्हणाली. "माझ्या हातांचा आज भरवसा नाही."

पांढऱ्या पोशाखातलं सरकारी पथक शेडमध्ये शिरलं आणि किंकाळ्या सुरू झाल्या. डुकरं भिंतींवर आदळत होती, माणसं फास घेऊन मागे. एका डुकराचा पाय मोडला. मी कुंपणाबाहेर, कानांवर हात ठेवून.

"थांबा!" मावशी ओरडली. "पळवून पळवून नका मारू." ती आत गेली. बादली उपडी घातली. टक्-टक्.

आली. सगळी आली. एकेक तिच्या मांडीवर नाक टेकवत होतं, ती कानामागे खाजवत होती आणि तिथेच सुई टोचली जात होती. पुढचं कोसळलं की मागचं त्याला ओलांडून यायचं. पाय मोडलेलंसुद्धा आलं, फरपटत.

"मॅडम, इतकं सोपं काम कधीच झालं नव्हतं," पथकातला एक तरुण डॉक्टर अगदी मनापासून म्हणाला. "थँक यू हां."

घरी आईने दार उघडलं. तिला फोनवर कळलेलं. "चला, वास तरी गेला एकदाचा," ती म्हणाली.

"हो ताई. प्रयोग यशस्वी झाला. एकही मागे राहिलं नाही." आणि मावशी कुणी न सांगता मोरीत गेली.

त्यानंतर ती कुणाच्या घरी फरशीवर बसली नाही. परवा माझ्या लेकीने कुत्र्याचं पिल्लू आणलं. मावशी दिसताच ते शेपूट हलवत तिच्याकडे सुटलं. मावशीने जोरात पाय आपटला. "हाड!" पिल्लू केकाटत सोफ्याखाली घुसलं.

"आजी, असं काय करतेस गं!" लेक रडकुंडीला आलेली.

मावशी गुडघे धरून वाकली, सोफ्याखाली बघत राहिली. टक्-टक् केलं. पिल्लू आणखी आत सरकलं.

"शहाणं आहे," ती म्हणाली. "हे जगेल."