पंख्याकडे तोंड केलेला मोबाईल

राजापेठेतल्या चारुशीला मॅडमच्या योगवर्गात तोंड उघडायची सोय नव्हती. कुणाची कंबर वाकडी दिसली की मॅडम जाऊन ती दाबून सरळ करत, आणि बाया निमूट सोसत. लॉकडाऊनमध्ये वर्ग मोबाईलवर आला. त्यात तेल्हाऱ्याच्या दुर्गाबाई नव्यानं आल्या, पण त्यांच्या चौकटीत नुसता छताचा पंखा फिरताना दिसायचा.

"दुर्गाबाई, मोबाईल नीट ठेवा. तुम्ही दिसतच नाही!" मॅडम खेकसल्या.

"लुगडं नेसून पाय वर करू, अन् तुमाले दाखवू? मले लाज नाई का? तुमी सांगा, मी करून राहिली."

मॅडमचा पारा चढला. पण पंख्याला काय दाबणार? शेवटी त्या विचारू लागल्या, ताण कुठं येतो, श्वास कुठं अडतो, दुखतं कुठं. वर्षभर हेच चाललं.

वर्ग पुन्हा उघडला त्या सकाळी, आठ वर्षांपासून येणाऱ्या रागिणीताई वाकड्या बसल्या होत्या. मॅडमचा हात सवयीनं पुढं गेला आणि मध्येच थांबला.

"कुठं दुखतं का हो?"

रागिणीताईंनी आधी मागं वळून पाहिलं. प्रश्न आपल्यालाच आहे हे कळल्यावर हळूच म्हणाल्या, "गुडघा, मॅडम. पहिल्या दिवसापासून."