नानांच्या गाडीचे खांदे

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, तर नानांचे. ते आमच्या नात्यातले नव्हेत. एरंडोलजवळच्या आमच्या गावात आमच्या दारासमोर त्यांचे घर आणि घरासमोर निंबाच्या सावलीत त्यांची जुनी पिकअप. या पिकअपबद्दल नाना बोलत ते बैलाबद्दल बोलावे तसे. थंडीच्या दिवसांत ती सकाळी लवकर सुरू झाली नाही, तर बॅटरी उतरली असे ते म्हणत नसत. "आज तिनं मन नही," असे म्हणून पाच मिनिटे तिच्याजवळ उभे राहत आणि मग पुन्हा किल्ली फिरवत. बहुतेक वेळा ती सुरू व्हायची, त्यामुळे त्यांना समजावून सांगण्याच्या भानगडीत कोणी पडत नसे.

शेवटची बैलजोडी विकून त्यांनी ही गाडी घेतली होती, तीही दुसऱ्याने वापरलेली. बैल गेले, पण बैलांची भाषा घरात राहिली. गाडीच्या पुढच्या बाजूला, दोन्ही चाकांच्या वर, लोखंडी पानांचे जे थर असतात त्यांना मेकॅनिक पाटे म्हणतात. गाडीचा आणि मालाचा भार त्यांच्यावर तोलला जातो. नाना त्यांना खांदे म्हणत. मिरचीची पोती चढवणाऱ्यांना ते सांगत, "डावा खांदावर जास्त टाकू नका रे, तो दुखस." एरंडोलच्या हमालांना हे पाठ झाले होते. त्यांच्यातला एक जण मुद्दाम विचारायचा, नाना, गाडीले चारा टाका का आज? नाना शांतपणे म्हणत, "ती डिझेल पिनी. तूच उपाशी दिसस."

याच गाडीत बसून मी पदवीधर झालो, असे म्हटले तर ते खोटे नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते. आईवडील दोघेही दुसऱ्याच्या शेतात कामाला जात. जळगावच्या कॉलेजात नाव घातले खरे, पण जायचे कसे, हा प्रश्न होता. नानांची गाडी भाजीपाला घेऊन पहाटे जळगावला जायची. त्यांनी वडिलांना एवढेच सांगितले की पुढची एक सीट रिकामी असते आणि रिकाम्या सीटचा खडखड आवाज होतो, म्हणून पोराला बसव. सीटचा असा काही आवाज होत नसे. मी इतकी वर्षे बसलो, मला माहीत आहे.

येताना ते मला त्या दिवशी वर्गात काय झाले ते विचारत. मी भूगोलाचा विद्यार्थी. काळी माती कशी तयार झाली, तापी उलट्या दिशेने का वाहते, असले काहीबाही मी सांगायचो. नाना समोरच्या रस्त्यावरची नजर न काढता ऐकत. एकदा मी म्हटले, नाना, तुम्हांला कंटाळा येत असेल. ते म्हणाले, "माले सगळं समजस नही. पण तू सांगस तवय गाडी बरी चालस." आज मी धुळ्याच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. मागच्या बाकावरच्या मुलालाही समजेल असे सांगायची सवय मला त्या केबिनमध्ये लागली.

नानांची एक रीत मात्र गावात चेष्टेचा विषय होती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी करतात. वर्षभर जू वाहिलेले खांदे गरम पाण्याने शेकून त्यांना हळद आणि लोणी चोळतात. नाना त्या संध्याकाळी गाडी धुऊन घेत आणि मग गोणपाट अंथरून तिच्याखाली सरकत. हातात वाटी असे. लोणी लोखंडावर टिकत नाही म्हणून त्यांनी शेंगदाण्याचे तेल पसंत केले होते. त्यात चिमूटभर हळद. हे तेल ते दोन्ही खांद्यांना बोटांनी चोळून चोळून लावत, पानांच्या फटींत, टोकांच्या सांध्यांत, सगळीकडे. पोळ्याच्या दिवशी गाडी निंबाखालीच राहायची. कितीही मोठे भाडे आले तरी नाना म्हणत, आज तिना सण शे.

अलीकडे गाडीचे वय दिसू लागले. पुढून ती इतकी खाली बसली होती की जमिनीवर पडलेली सुई शोधत चालल्यासारखी वाटायची. पुढचा डावा टायर आतल्या बाजूने झिजायचा आणि स्टिअरिंग सतत डावीकडे ओढायचे. एक दिवस धरणगावच्या रस्त्यावर समोरून ट्रक आला, नानांनी ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे वळून थेट बाभळीच्या झुडपात शिरली. कोणाला काही झाले नाही. पण नानांचा मुलगा सुभाष घाबरला. त्याचे म्हणणे साधे होते, गाडी दुसरी मिळेल, बाप मिळणार नाही. त्याने धुळ्याहून भंगाराचा एक व्यापारी बोलावला. व्यापारी गाडीभोवती फिरला, टपावर थाप मारून गेला. नानांनी त्याला पाणीसुद्धा विचारले नाही. आमच्या गावात दारी आलेल्याला पाणी न विचारणे ही फार मोठी गोष्ट असते.

शेवटी बापलेकांत ठरले की पुढचे पाटे नवे बसवायचे. मग सुभाष स्वतः गाडी धुळ्याच्या रस्त्यावर चालवून बघणार. सरळ चालली तर गाडी राहील आणि नानाही ती चालवतील. ओढली तर तशीच पुढे भंगारात. मी दिवाळीच्या सुट्टीला गावी आलो होतो आणि धुळ्याला परतायचेच होते, म्हणून नानांनी मला बरोबर घेतले. खरे म्हणजे त्यांना बाजूने कोणीतरी हवे होते.

एरंडोलला रस्त्याच्या कडेला रफीकभाईंचे पाट्यांचे दुकान आहे. त्यांचे आजोबा बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव चढवत. बैलगाड्या कमी झाल्या तसे हे घर पाट्यांकडे वळले. रफीकभाईंनी आधी गाडी सपाट जागेवर उभी करून घेतली आणि दोन्ही बाजूंनी चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंतचे अंतर वितीने मोजले. डावी बाजू खाली होती. सुभाषने विचारले, मग डावाच बदलला तर चालेल का? रफीकभाई काही बोलायच्या आत नाना म्हणाले, "एक नवा नि एक म्हतारा बैल जुपतस का कोठे?" रफीकभाई हसले. म्हणाले, मी हेच सांगणार होतो, फक्त बैलाशिवाय.

गाडीची चौकट जॅकने उचलून तिच्याखाली लोखंडी घोड्या लावल्या, चाके काढली. पाटे एक्सलला धरून ठेवणारे बोल्ट इतके जाम झाले होते की त्यांच्यावर डिझेल ओतून चहा पिऊन यावे लागले. मग घणाचे घाव सुरू झाले. प्रत्येक घावाला नाना डोळे मिटून घेत होते. डावा पाटा खाली आला तेव्हा रफीकभाईंनी त्याच्या टोकाच्या सांध्यातले रबरी बुश बोटाने दाबून पाहिले. ते पाण्यात भिजलेल्या पावासारखे फुगलेले होते आणि बोटाला चिकटत होते. दुसऱ्या बाजूचेही तसेच. ते म्हणाले, झिजलेले रबर मी रोज बघतो, असे नाही बघितले. याला काही लावता का?

नानांनी मोठ्या अभिमानाने खांदेमळणीची सगळी हकिकत सांगितली. शेंगदाण्याचे तेल, हळद, एक पोळा चुकवलेला नाही. रफीकभाई ऐकत राहिले. मग हातातले बुश चिंधीवर ठेवून हळू आवाजात म्हणाले, "नाना, बैलाचं कातडं तेल पितं. रबर पीत नाही. फुगून मरतं."

गाडी डावीकडे ओढत होती ती या सैल पडलेल्या सांध्यांमुळेही, हे आम्हां सगळ्यांना कळले होते. बाभळीचे झुडूपही प्रत्येकाला आठवले असणार. नाना बाकावर बसले. सुभाष त्यांना लागेल असे काही बोलला नाही, हे मला मुद्दाम नोंदवावेसे वाटते. तो म्हणाला, नवे बुश टाकू, त्यात काय. पण नानांनी मान हलवली. "मना हातेच बिघडनी ती. इकी टाक, सुभाष." भंगारवाल्याला पाणी न विचारणारा हा माणूस आता स्वतःच गाडी विकायला निघाला होता.

रफीकभाईंनी काढलेला जुना पाटा शिकंज्यात धरला, मधला बोल्ट खोलला आणि पाने एकेक करून सुटी केली. एक पान चिंधीने पुसून नानांपुढे धरले आणि त्यावरून बोट फिरवा म्हणाले. नानांनी फिरवले. बाहेरून काळाकुट्ट दिसणारा तो पाटा आतून स्वच्छ होता. कडेला हळदीची पिवळट रेघसुद्धा राहिली होती.

"बघा. एवढ्या जुन्या पाट्यात गंज नाही," रफीकभाई म्हणाले. "गंजला असता तर रस्त्यावर कधीच कडकन तुटला असता. तुमचा हळूहळू बसला. तेलानं रबर खाल्लं, आणि तेलानंच पाटा वाचवला. दोन्ही गोष्टी सच हाय." मग त्यांनी नवे पाटे आणून ठेवले, त्यांची पाने सैल केली आणि ग्रीसचा डबा नानांकडे सरकवला. "मळा आता खांदे. पानांच्या मधी. सांध्याला मात्र बोट लावायचं नाही."

नानांनी डबा जवळ ओढला. मग जरा संकोचून त्यांनी विचारले, हळद मिळेल का? रफीकभाईंनी दुकानामागच्या घराकडे तोंड करून हळद मागितली. त्यांची बायको घाईघाईने वाटी घेऊन बाहेर आली आणि कुणाला लागलं म्हणून सगळ्यांचे हात बघू लागली. रफीकभाई म्हणाले, "गाडीला." तिने एकदा नवऱ्याकडे बघितले, एकदा नानांच्या हातातल्या ग्रीसकडे, आणि वाटी ठेवून आत गेली. नानांनी चिमूटभर हळद ग्रीसमध्ये कालवली आणि बोटांनी प्रत्येक पानाला लावली. पोळा केव्हाच होऊन गेला होता. ती अवेळीची खांदेमळणी मी, सुभाष आणि रफीकभाई शेजारी उभे राहून बघत होतो, आणि कोणालाही हसू आले नाही.

पुढचे काम सरळ होते. पाटे बसले, कोरडे नवे बुश बसले, चाके लागली. सांध्यांचे बोल्ट मात्र रफीकभाईंनी आधी सैलच ठेवले होते. गाडी घोड्यांवरून उतरून तिचा भार चाकांवर आल्यावर त्यांनी ते आवळले. अधांतरी आवळले तर रबर पिळून राहते, असे ते म्हणाले. मग सुभाष स्टिअरिंगवर बसला, मी मधे आणि नाना दाराशी. जुन्या गाडीतून नाना पहिल्यांदाच प्रवासी म्हणून निघाले होते. पारोळ्यापर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. पारोळा मागे पडल्यावर सरळ, मोकळा रस्ता लागला तेव्हा सुभाषने वेग कमी केला आणि स्टिअरिंगवरचे हात किंचित उचलले. गाडी तशीच चालत राहिली. त्याने हात पुन्हा ठेवले, पुन्हा उचलले. गाडी कुठेही ओढली नाही. नाना समोर बघत होते, पण त्यांचा उजवा हात माझ्या गुडघ्यावर होता आणि तो घट्ट होत गेला होता.

सुभाषने गाडी कडेला घेतली. तो उतरला, पुढून वळसा घालून नानांच्या दाराशी आला आणि दार उघडून म्हणाला, "जा नाना, तथा स्टिअरिंगवर बसा." नाना उतरले. गाडी पुढून आता उंच झाली होती, त्यामुळे पलीकडून चढताना त्यांना माझा हात घ्यावा लागला. धुळे येईपर्यंत मग तेच बोलत होते. मला घरी सोडून बापलेक अंधार पडायच्या आत परत फिरले.

नाना फोन गाडीच्या कप्प्यात ठेवतात आणि इंजिनच्या आवाजात तो त्यांना ऐकू येत नाही. म्हणून मी त्यांना पत्र लिहिले. ते असे:

ती. नाना यांस सा. न.

तुम्ही सुखरूप पोहोचल्याचे सुभाषने कळवले. गाडी अजूनही सरळ चालते हेही कळले. त्या दिवशी धुळ्यात बोलायचे होते ते राहून गेले, म्हणून लिहीत आहे. मला इथे दोन खोल्यांचे घर मिळाले आहे. आईबाबांनी आता कामावर जाणे थांबवावे आणि माझ्याकडे यावे, असे मी ठरवले आहे. पुष्कळ समजावल्यावर दोघे तयार झाले. त्यांचे सामान आणायला इथून टेम्पो पाठवता आला असता, पण मला ते तुमच्या गाडीतून यायला हवे आहे आणि गाडी तुम्हीच चालवायला हवी आहे. सुभाषला मी सांगितले आहे. तो नाही म्हणाला नाही.

सामान फारसे नाही. एक पेटी, एक खाट, भांडी. आईबाबांना मागे सामानात बसू देऊ नका. ते संकोचाने मागेच चढतील. पुढे तुमच्याशेजारी बसवा. बाबा जळगावच्या पुढे कधी गेलेले नाहीत आणि धुळ्याच्या बाजूला तर आलेच नाहीत. रस्त्यात कोणते गाव लागते ते त्यांना सांगत या. त्यांना ऐकायला आवडेल.

आईला तिचा पाटा-वरवंटा सोडवत नाही. इथे मिक्सर आहे असे मी तीनदा सांगितले, तरी ती ऐकत नाही, आणि तुम्हीही तिचीच बाजू घ्याल हे मला माहीत आहे. तेव्हा तोही आणा. जड आहे, पण तुमचे खांदे आता नवे आहेत.

जेवायला थांबायचे आहे. वाट पाहतो.

तुमचाच