गुलाबी न होणारं पाणी

तिला सगळे थेंबताई म्हणत. बावीस वर्षं ती लोकांच्या घरचे पोहण्याचे तलाव सांभाळत होती, आणि त्याआधी सात वर्षं एका शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धूत होती. धुता धुता थेंब मोजायला शिकली. स्कूटरच्या दोन्ही बाजूंना दोन डबे लटकवून ती फिरे, एकात आम्ल, दुसऱ्यात क्लोरीनची पूड. "जावा-जावा आहेत," ती सांगायची. "दोघी गुणाच्या, पण शेजारी शेजारी बसवलं की घर पेटवतील." नवरा म्हणायचा, ही एक दिवस माझ्या चहातही थेंब टाकून बघणार. त्यावर ती म्हणे, टाकला असता, पण तुमच्या चहाचं काय व्हायचं ते आधीच झालेलं असतं.

त्या दिवशी सकाळी दहा वाजता ती काका-काकूंच्या फाटकाशी पोचली तेव्हा काकू पोहण्याचा पोशाख आणि रबरी टोपी घालून व्हरांड्यातल्या खुर्चीत बसल्या होत्या. पोटाशी टॉवेल, पुढ्यात वॉकर. टोपीमुळे कान आत गेले होते आणि चेहरा एकदम नऊ-दहा वर्षांच्या मुलीचा झाला होता.

"काकू, तुम्हाला चार वाजता पाण्यात जायचंय."

"माहितीये मला. सात वाजल्यापासून तयार आहे. मेली अकरा आठवडे वाट बघतेय, सहा तासांनी काय होतंय?"

अकरा आठवड्यांपूर्वी काकूंचा गुडघा बदलला होता. जखम भरली, टाके गेले, डॉक्टरांनी कोमट पाण्यात चालायला परवानगी दिली. पण काकूंच्या मनात वॉकरशिवाय पाऊल टाकायची जी भीती बसली होती, तिला परवानगी कळत नव्हती. व्यायाम शिकवणारी बाई आज चारला येणार होती, आणि उद्यापासून ती बाळंतपणाच्या रजेवर. चार महिने. आज पहिलं पाऊल पडलं तर पुढचं काकू स्वतः बघणार होत्या. नाही पडलं तर चार महिने खुर्ची, व्हरांडा आणि काकांची बडबड.

तलाव मुलाने हौसेने बांधला होता आणि मग तो दूरच्या नोकरीवर निघून गेला. पोहणारा गेला, पाणी राहिलं. तलावाला लागूनच गरम पाण्याचा गोल स्पा होता, पाच-सहा माणसं बसतील एवढा. त्याच्या काठावरून पाणी सतत तलावात ओघळे, तलावातलं पाणी पंपातून परत स्पात येई. म्हणजे दोघांचं पाणी एकच. एकाचं बिघडलं की दुसऱ्याचंही.

काका जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आले होते. डोळ्याला भिंग लावल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नसे.

"पाण्यात काही राम नाही हो," त्यांनी तिला फाटकातच गाठलं. "रोज तपासतोय. क्लोरीन शून्य. आजही शून्य!"

"तपासताय ते ठीक. मी इथे ठेवलेल्या क्लोरीनच्या डब्याला हात नाही ना लावलात?"

काकांनी आकाशाकडे पाहिलं. आकाशात बघण्यासारखं काही नव्हतं.

थेंबताई स्पाच्या काठावर उकिडवी बसली. कोपरभर खोलीवरून नळीत पाणी घेतलं आणि बाटलीतले थेंब सोडले. क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं. जितकं जास्त, तितकं गडद. नळी उजेडाकडे धरली. पाणी स्वच्छ, पांढरं, निष्पाप.

"बघितलंत?" काका विजयाने म्हणाले. "माझा हात कापत असेल, भिंग नाही."

तिचाही विश्वास बसला. उन्हाने क्लोरीन उडतं, गरम पाण्यात तर भराभर उडतं, चार दिवस कडक ऊन होतंच. तिने क्लोरीनच्या पुडीचा डबा उघडला, माप भरलं, आणि ते पाण्यावर धरणार तेवढ्यात व्हरांड्यातून काकू ओरडल्या, "थेंबे, टाकायच्या आधी मला एक सांग. हा पोशाख रंग सोडतो का?"

"का हो?"

"अगं, नवा कपडा म्हणून काल तलावात बुडवून पाहिला. जांभळा होता. आता बघ."

काकूंनी टॉवेल बाजूला केला. पोटावर ढगांसारखे पांढरे पट्टे. समोरून काकू जांभळ्या आभाळासारख्या दिसत होत्या.

थेंबताईने माप परत डब्यात रिकामं केलं. शून्य क्लोरीन कपड्याचा रंग खात नाही. तिने दुसरी नळी भरली, थेंब सोडला आणि या वेळी पापणीही हलवली नाही. थेंब पडला त्या क्षणी पाणी लालभडक झालं. डोळ्याचं पातं लवेपर्यंत रंग विरून गेला आणि पाणी पुन्हा निष्पाप.

"काका," ती सावकाश म्हणाली, "किती टाकलंत?"

"थोडंसं. शून्य होतं म्हणून."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"शून्यच! म्हणून दुप्पट. तिसऱ्या दिवशी..." ते भिंग पुसू लागले. "अर्धा डबा."

थेंबताईला हसू फुटलं. आधी नाकातून, मग खांद्यांतून, मग ती काठावर चक्क मांडी घालून बसली. क्लोरीन फारच वाढलं की ते कपड्याचा रंग खाण्याआधी तपासणीच्या थेंबाचाच रंग खातं. बिचारा गुलाबी जन्मतो आणि मरतो. काका भिंग लावून, डोळे बारीक करून, नीट सावकाशीने बघायला वाकेपर्यंत अंत्यविधी उरकलेला असे.

तिने एक भाग तलावाचं आणि नऊ भाग पिण्याचं पाणी मिसळून पुन्हा तपासलं. दहापट पातळ करूनही गडद गुलाबी.

"म्हणजे आज नाही," काका खुर्चीच्या काठावर टेकले. त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "मीच केलं म्हणायचं. तिला बरं वाटावं म्हणून..."

"अहो, रडताय काय?" काकू म्हणाल्या. "पन्नास वर्षांत पहिल्यांदा तुमचं काहीतरी पुढे गेलंय. थेंबे, काही उपाय?"

"तलाव आठवडाभर उन्हात पडून राहील, आपोआप उतरेल. त्यात कुणी बोटही घालायचं नाही. स्पाचं मात्र बघते."

तिने पंपाच्या खोलीत जाऊन दोन व्हॉल्व्ह फिरवले आणि स्पाची तलावाशी सोयरीक तोडली. पाणी उपसून गटारात सोडलं. नळाला बागेची नळी जोडली आणि स्पा भरायला लावला. काकांना काम दिलं: नळी धरून उभं राहा, आणि कशातही काही टाकू नका. काका नळी अशी धरून उभे राहिले जणू ती राजदंड आहे. दोन वाजता स्पा काठोकाठ भरला. तिने हीटर लावला, पंप चालू ठेवून चिमूटभर क्लोरीन आणि मूठभर सोडा घातला, फिरू दिलं, पुन्हा थेंब. फिकट गुलाबी, आणि गुलाबी टिकला. तिघंही त्या नळीकडे पाळण्यातल्या बाळाकडे बघावं तसे बघत राहिले.

चार वाजून पाच मिनिटांनी व्यायामवाली बाई पोटावर हात ठेवून आली. पायऱ्यांवर काकू थबकल्या. दांडी इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली.

"पाणी धरेल तुम्हाला," बाई म्हणाली. "दांडी सोडा."

"पाण्याला हात कुठेयत?"

"सोडा तर."

काकूंनी एक बोट सोडलं. मग दुसरं. मग सगळीच. एक पाऊल. पाणी छातीशी आलं आणि त्यांना उचलून धरलं. दुसरं पाऊल. समोरची भिंत आली, तिला हात न लावता त्या वळल्या. स्पा तो केवढा, पाच पावलांत संपतो, म्हणून काकू गोल फिरायला लागल्या.

"सहा!" काका काठावरून मोजत होते. "सात! अगं, आठ! जपून!"

"मोजत काय बसलात? आत या!"

आणि काका, इस्त्रीच्या पँटसकट, बुशशर्टसकट, आत गेले.

"काका, कपडे!" थेंबताई ओरडली. त्याच वेळी त्यांची कोपर काठावरच्या बटणावर पडली आणि हवेचे फवारे सुरू झाले. धुण्याच्या साबणाचा जो काही अंश त्या कपड्यांत उरला होता, त्याने मनसोक्त फेस धरला. फेस छातीवरून, खांद्यांवरून, काठावरून वर आला. काकांच्या हनुवटीला पांढरी दाढी, काकूंच्या टोपीवर तुरा. व्यायामवाली बाई पोट धरून हसत होती आणि मधेच म्हणत होती, मला हसवू नका हो, आत्ता नको.

आताच भरलेलं तिचं कोवळं पाणी! उद्या हे सगळं पुन्हा उपसायचं, भरायचं, तापवायचं. थेंबताईने बटणाकडे हात नेला. फेसातून काकूंचा आवाज आला, "थांब गं थेंबे, अजून दोन फेऱ्या!" तिने हात मागे घेतला, पायातल्या चपला काढल्या, आणि काठावरून पाय आत सोडून पुढची पावलं मोजू लागली.