करटीखालचे बेकन

बेकन म्हणजे काय ते मला पदवी घेतल्यानंतर कळले. गोव्यातल्या आमच्या लाटंबार्से गावच्या मराठी शाळेत ते कुणी शिकवले नव्हते. आमच्या घरात मासळी शिजे, श्रावणात तीही बंद. डुकराच्या मांसाचे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे पातळ काप खारवून, धुरावर धरून परदेशी लोक सकाळी अंड्याबरोबर खातात, आणि त्यांना ते इतके प्रिय की ते अंगावरही घालतात, हे मी पर्वरीच्या ऑफिसात पहिल्याच आठवड्यात शिकले.

आमची कंपनी अमेरिकेतल्या एका ऑनलाइन दुकानासाठी काम करायची. तिथे विकायला येणाऱ्या वस्तूंचे इंग्रजीत चार ओळींत वर्णन करायचे, हे माझे काम. तेव्हा इंटरनेटवर बेकनचे वेड ऐन भरात होते. बेकनच्या चित्राचे मोजे, बेकनच्या कापासारखी दिसणारी जखमेवरची पट्टी, बेकनच्या वासाचा साबण, बेकनच्या चवीची टूथपेस्ट. लोक त्यांचे फोटो एकमेकांना पाठवत, हसत, आणि मागवतही.

“मॅडम, दात घासल्यावर हा वास राहतो की जातो?” मी आमच्या टीमच्या मॅडमना विचारले. त्या हळदोण्याच्या ख्रिस्ती, खाण्यातल्या दर्दी.

“राहावा म्हणून तर घेतात गो बाय! लिही तू. आणि ‘डिलिशस’ आता पुरे. दुसरा शब्द शोध.”

मी शोधायची. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढले नव्हते, तेव्हा इंग्रजी लिहून पोट भरते याचेच मला अप्रूप होते. मग ते डुकरावर का असेना. शाळेतल्या बाईंनी शिकवले होते की वस्तू बघितल्याशिवाय निबंध लिहू नये. म्हणून मी प्रत्येक नमुना हातात घेऊन, हुंगून लिही. लिहून झाले की नमुने कचऱ्यात जात. एकदा गाडीत टांगायच्या बेकनच्या वासाच्या पुठ्ठ्यांचा एक गठ्ठाच उरला, तो मॅडमनी मला घरी न्यायला दिला.

पिशवी सोप्यावर ठेवली तोच आई आतून आली.

“खारो बांगडो जळ्ळो काय गो?”

“बांगडो न्हय, आई. दुकर.”

“दुकर? घरात हाडूं नाका! भायर दवर. भायर!”

बाबा पायऱ्यांवर बसले होते. त्यांनी एक पुठ्ठा उचलून उलटसुलट केला. मी त्यांना सगळे सांगितले. मोजे, साबण, टूथपेस्ट. बाबा गंभीरपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे आमी हांगा दुकरांक धांवडावंक गर्नालां फोडटात, आनी ते थंय ताका पांयांत घालतात?”

आमच्या घरात डुक्कर म्हणजे रानडुक्कर, आणि रानडुक्कर म्हणजे बाबांचा जन्माचा वैरी. आमचे शेत डोंगराच्या पायथ्याशी. आदल्या वर्षी कणसात दूध भरले आणि डुकरांचा कळप उतरला. खाल्ले त्याहून जास्त उकरून टाकले. बाबांनी मेरेवर, शेताच्या बांधावर, जुन्या साड्या बांधल्या, न्हाव्याकडून केस आणून टाकले, कानठळ्या बसवणारे गर्नाल फटाके फोडले. काही चालले नाही. शेजारच्या काकांनी तर आपले शेत पड टाकून दिले होते, तिथे आता रान माजले होते. बाबा म्हणाले होते, “एक वर्स आनी पळयतां. ह्या खेपेक खाल्लें जाल्यार हांवूय पड दवरतां.” हे बोलताना ते आईकडे बघत नव्हते, माझ्याकडेही नाही. मला आठवते तेव्हापासून त्या शेताचाच भात आम्ही खात होतो.

आता कणसात पुन्हा दूध भरू लागले होते. बाबा तो पुठ्ठा हुंगत बसले. मग एकदम म्हणाले, “मनशाच्या केसांक भियेता म्हणटात. मागीर आपल्याच भावाचो भाजिल्लो वास आयल्यार तो रावतलो काय?”

“बाबा, पण ह्या वासान भूक लागता, अशें हांवेंच बरयलां.”

“ती मनशांक. दुकर तुजें वाचता काय?”

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाबांनी नारळाच्या करट्या गोळा केल्या, प्रत्येकीला भोक पाडले आणि आत एकेक पुठ्ठा अडकवून करटी पालथी टांगली, म्हणजे पावसाने वास धुऊन जाणार नाही. मेरेवर बांबू रोवून आम्ही दोघांनी त्या सगळीकडे बांधल्या. आई लांबून बघत होती. ती जवळ यायला तयार नव्हती.

डुकरे आली नाहीत. आले ते कुत्रे. आधी वाड्यावरचे, मग खालच्या वाड्यावरचे, मग कधी न पाहिलेले. करटीखाली मान वर करून बसायचे, जीभ काढून. आपल्या करटीशी दुसरा कुणी आला की भांडण, आणि रानात पाचोळा हलला की सगळ्यांचा एकच गलका. बाबांनी सुरुवातीला त्यांना हाकलायला काठी उचलली. मग काठी खाली ठेवली.

काका मेरेवर येऊन उभे राहिले. “किदें मरे हें? शेतात कुत्र्यांची जत्रा भरयल्या?”

“जत्राच. तूं फोडूंक नाल्ल घेवन ये,” बाबा म्हणाले.

“चेडवाक कॉलेजीत धाडलें तें हाजेखातीर?”

“हाजेचखातीर!” बाबा इतक्या मोठ्याने म्हणाले की कुत्रेही क्षणभर गप्प झाले. मला हसू आले.

पुढच्या सोमवारी मॅडमना सांगितले तर त्या हसून खुर्चीवरून पडायच्या बाकी राहिल्या. “भावाच्या वासाने पळतील म्हणे! आणि कुत्रे आले!” मग डोळे पुसत म्हणाल्या, “पुठ्ठे कमी पडले तर सांग गो.”

कापणी झाली. कणसे पुरी, एकही कोपरा उकरलेला नाही. बाबा शेतात उभे राहून नुसते बघत होते. पण आईचा जीव अजून थाऱ्यावर नव्हता. नव्या तांदळाचा भात आधी देवाला दाखवायचा, आणि ते भात इतके दिवस डुकराच्या वासात उभे होते.

“वास लागिल्लो आसलो जाल्यार देवाक दाखोवचें ना,” तिने बजावले. “आनी आमीय खावचें ना.”

बाबांचा चेहरा उतरला. वाचवलेले पीक आता घरातच हरणार की काय!

तिने तांदूळ पुन्हा पुन्हा धुतले, चुलीवर ठेवले. वाफ आल्यावर झाकण काढले आणि आम्ही तिघेही भांड्यावर वाकलो. आईने डोळे मिटून हुंगले. परत हुंगले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तूं सांग. तुका तो वास पाठ आसा.”

मी नाक भरून घेतले. मातीचा, पेंढ्याचा, नव्या तांदळाचा वास. दुसरे काही नाही.

“भाताचोच, आई.”

तिने पान वाढले, देवापुढे ठेवले. बाबा जेवून उठले ते थेट कणगीकडे गेले आणि पुढच्या पेरणीचे बियाणे वेगळे काढू लागले.

“गो, अमेरिकेंत अजून दुकराचेंच आसा मगे?” त्यांनी तिथूनच विचारले.

“ना, बाबा. आतां युनिकॉर्न आयला, एका शिंगाचो घोडो.”

“ताका वास खंयचो?”

“स्ट्रॉबेरीचो.”

बाबांनी थोडा विचार केला. “तो कित्याक? तुज्या मॅडमीक सांग, दुकराचें जुनें-पोरनें उरलां आसत जाल्यार कचऱ्यांत उडोवं नाका म्हण.”