गुंदच्या रेकॉर्डची पिन

रामनगरला बस थांबते तिथून हाकेच्या अंतरावर महाबळेश्वर हलगेकरचं दुकान आहे. पाटीवर ‘रेडिओ व माईक दुरुस्ती’ असं लिहिलंय, पण गेली कित्येक वर्षं तिथं येतात ते मिक्सर, पंखे आणि पाण्याच्या मोटारी. त्याचा बाप खानापुराकडून इथं आला, आणि पोराला नाव ठेवलं ते मात्र या मुलखातलं. महाबळेश्वर म्हणायला लांब पडतं म्हणून सगळे त्याला म्हाबळू म्हणतात. वय बासष्ट. हात अजून स्थिर.

एके काळी म्हाबळूच्या माईकशिवाय जोयडा तालुक्यात लग्न लागत नसे. जीपच्या टपावर दोन कर्णे, मागं बॅटरी आणि मांडीवर रेकॉर्डची पेटी, असा तो अणशीपासून गुंदपर्यंत फिरायचा. गुंदला गेलं की गावाची स्वतःची एक रेकॉर्ड आधी लावावी लागे. गोव्याकडच्या कुणा मास्तरांनी कधी काळी तिथल्या सात कुणबी बायकांची रोपणीची गाणी टेप करून नेली होती आणि त्यांच्या थोड्या रेकॉर्डी काढून त्यातली एक गावाला पाठवली होती. मंडपात ती वाजली की म्हातारी माणसं हातातलं काम थांबवून ऐकायची. पुढं कॅसेटी आल्या, मग पेनड्राइव्ह आले, आणि म्हाबळूची पेटी माळ्यावर गेली.

दोन वर्षांपूर्वी, बाजाराच्या दिवशी, काशी वेळीप दोन बस बदलून गुंदहून त्याच्या दुकानात आली. पन्नाशी ओलांडलेली, कमी बोलणारी बाई. तिनं पिशवीतून लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली ती रेकॉर्ड काढून टेबलावर ठेवली.

“म्हाबळूअण्णा, ही एकदा वाजवून दाव,” ती म्हणाली. “ह्यात माजी आई हाय.”

तिची आई नागू, त्या सातांतली एक. काशी पाच वर्षांची असताना ती तापानं गेली. घरात तिचा फोटो नाही. काशीनं आईचा आवाज ऐकला तो फक्त लग्नांमधून, म्हाबळूच्या कर्ण्यातून, मंडपामागं भांडी घासताना. तुझी आई गातेय बघ, असं बायका सांगायच्या आणि ती ऐकायची. स्वतःच्या लग्नातही तिनं ती ऐकली होती. कॅसेटी आल्यावर गावानं ती रेकॉर्ड तिलाच देऊन टाकली, आणि ती तिच्या ट्रंकेत पडून राहिली.

म्हाबळूनं माळ्यावरचा प्लेअर उतरवला, पट्टा बदलला, तेल घातलं आणि पिन टेकवली. जत्रेत भजी तळावी तसा चरचराट झाला. त्या चरचराटाच्या मागं कुठंतरी एक बाई गात होती, बाकी सगळं फरफटलेलं. काशी मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत राहिली. म्हाबळूनं रेकॉर्ड उचलून उजेडाकडं तिरकी धरली. काळ्या तबकडीवर करड्या रंगाचा पट्टा पडला होता. हा पट्टा कशानं पडतो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्या काळी पिन घासली तरी कुणी बदलत नसे. रेकॉर्ड उडी मारायला लागली की पिनेच्या डोक्यावर चार आण्याचं नाणं चिकटवायचं आणि पुढं वाजवायचं. सगळेच माईकवाले तसं करायचे. गुंदला मात्र ते त्यानं केलं होतं, वीस-पंचवीस लग्नांत.

तो काशीला एवढंच म्हणाला, “ही माज्याजवळ ऱ्हाऊ दे. येळ लागंल, पण करतो.”

करायचं काय, ते त्यालाही माहीत नव्हतं. धारवाडला नागराज नावाचा त्याचा जुना ओळखीचा होता, जन्मभर रेडिओच्या नोकरीत ध्वनिमुद्रण केलेला. म्हाबळू रेकॉर्ड घेऊन त्याच्याकडं गेला. नागराजनं ती भिंगाखाली बराच वेळ पाहिली आणि सांगितलं की हे गाडीवाटेसारखं आहे. चाकानं वाट जिथं झिजते तिथंच पुढचं चाकही जातं. तुझी पिन गोल टोकाची, ती त्या झिजलेल्या जागीच बसणार. पण बारीक धारेचा हिरा बसवलेली पिन मिळते. ती खाचेत आणखी खाली उतरते, जिथं आजवर कुठली पिन पोचलेलीच नाही. तिथं आवाज शाबूत असू शकतो. असेलच असं नाही. मग त्यानं कागदावर त्या कार्ट्रिजचं, म्हणजे पिन बसवलेल्या तुकड्याचं, नाव लिहून दिलं आणि किंमत सांगितली. म्हाबळूनं आपली जीप विकली तेव्हा त्याला जवळपास तेवढेच मिळाले होते.

ते पैसे दुकानाच्या पत्र्यासाठी ठेवलेले होते. त्याची बायको कमल चार दिवस त्याच्याकडं बघत होती. म्हाबळू जेवताना ताटाकडं बघत बसायचा, मिक्सर उघडून विसरून जायचा. पाचव्या दिवशी तीच म्हणाली, “पत्रा आजून दोन वर्सं टिकंल. तुमी असंच घुमत बसलासा तर तुमी न्हाई टिकायचासा.”

आणि मग म्हाबळूच्या लक्षात आलं की पैसे देणं हा त्यातला सोपा भाग होता.

असली वस्तू मागवून देणारं एक दुकान बेंगळूरला होतं. त्यानं फोन केला, कुणी उचलला नाही. चिठ्ठी पाठवली, उत्तर नाही. मेसेज केला तर तीन आठवड्यांनी एक फॉर्म आला. तुमचा प्लेअर कोणत्या कंपनीचा, अ‍ॅम्प्लिफायर कोणता, स्पीकर कोणते, खोलीचं माप काय. म्हाबळूनं प्रामाणिकपणे लिहिलं की प्लेअर जुना, बाकी सगळं घरी बनवलेलं. दोन दिवसांनी दुकानातल्या पोरानं गोड आवाजात फोन केला आणि समजावलं की अंकल, ही वस्तू तुमच्यासाठी नाही. आमच्याकडं स्वस्तातली चांगली आहे, ती घ्या. म्हाबळूनं त्याला विचारलं की स्वस्तातल्या पिनेचं टोक गोल की धारेचं? पोराला सांगता आलं नाही. मग मला तीच हवी, म्हाबळू म्हणाला. हे संभाषण आणखी दोनदा झालं, तेव्हा कुठं त्यांनी पैसे घेतले.

पैसे घेतल्यावर कळलं की त्यांचा कुरियर जोयडा तालुक्यात येत नाही. दुसरा कुरियर बघितला. त्यानं पार्सल उचललं आणि ते गेलं दुसऱ्याच गावाला, कारण बेंगळूरजवळ रामनगर याच नावाचं एक मोठं गाव आहे, जिल्ह्याचं ठिकाण. पिनकोड बरोबर होता, पण नाव वाचून कुणीतरी ते तिकडं टाकलं. सतरा दिवस ते पार्सल राज्यभर हिंडत होतं. म्हाबळू रोज फोनवर बघायचा आणि कमलला सांगायचा की आज ते हुबळीला आहे, आज परत बेंगळूरला गेलं. काशी बाजाराला आली की दुकानासमोर जरा थांबायची. विचारायची नाही. म्हाबळूच आपण होऊन म्हणायचा, येऊलालंय, येऊलालंय.

आलं तेव्हा खोक्याचा एक कोपरा आत दबलेला होता. म्हाबळू आयुष्यभर पार्सलं घेत आलेला माणूस. त्यानं आणणाऱ्याला जागचं हलू दिलं नाही. ‘खोका चेपलेला’ असं पावतीवर लिहून घेतलं, सही घेतली आणि मगच उघडलं. आत मखमलीच्या खोबणीत बोटाच्या पेराएवढी ती वस्तू होती. भिंग लावून पाहिलं तर केसासारखी बारीक दांडी, जिच्या टोकाला हिरा असतो, ती एका बाजूला मुडपलेली. दुकानाचं म्हणणं पडलं की खोका उघडला म्हणजे जबाबदारी तुमची, दांडी गिऱ्हाइकाच्याच हातून वाकते. कुरियरवाल्यांनी दुकानाकडं बोट दाखवलं.

त्या आठवड्यात म्हाबळूला पहिल्यांदा वाटलं की काशीला रेकॉर्ड परत द्यावी आणि सांगावं, होत नाही. तो दुकान बंद करून घरी निघालाही. मग वाटेतून परत फिरला, शटर उचललं आणि ती पावती, तो चेपलेला खोका आणि ती मोडकी पिन एका पिशवीत भरली. लोंढ्याला जाऊन त्यानं बेंगळूरची गाडी पकडली.

दुकान दुसऱ्या मजल्यावर होतं. आत जाड गालिचा, काचेची कपाटं आणि थंडगार हवा. म्हाबळूनं चपला दाराशी काढल्या, कुणी सांगितलं नव्हतं तरी. मालक बाहेर गेलाय म्हणाले, तर तो बसला. मालक आला आणि मीटिंग आहे म्हणाला, तर तो बसला. चारच्या सुमाराला मालकानं त्याला आत बोलावलं. म्हाबळूनं कन्नडमधून, आवाज न चढवता, पावती पुढं ठेवून सांगितलं की मी भांडायला आलो नाही, मला पैसेही परत नकोत, मला धड पिन हवी. मालकानं पावतीवरची सही दोनदा वाचली. कुरियरकडून मला भरपाई मिळेल, पण माल परदेशातून येतो, तीन महिने लागतील, असं तो म्हणाला. म्हाबळूनं ते लिहून मागितलं. आणि एक अट घातली: पार्सल करायचं नाही, मी स्वतः येणार, आणि खोका इथं तुमच्यासमोर भिंगाखाली उघडायचा.

तिनाचे चार महिने झाले. तोवर तो रिकामा बसला नाही. या पिनेचा आवाज इतका क्षीण असतो की साध्या अ‍ॅम्प्लिफायरला तो ऐकूच जात नाही. मध्ये घालायची जी पेटी विकत मिळते तिची किंमत ऐकून तो हसला होता. पण नागराजनं सहज बोलताना सांगितलं की जुन्या माईक सेटच्या आत, माईकचा बारीक आवाज वाढवायला, तसलाच ट्रान्सफॉर्मर असायचा. म्हाबळूच्या माळ्यावर तसले तीन सेट होते. त्यानं तिन्ही उघडले, दोन ट्रान्सफॉर्मर चांगले निघाले, ते त्यानं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवले. घरघर येत होती. तारा सतरा वेळा इकडून तिकडं करून ती घालवली.

बेंगळूरला दुसरी खेप. खोका उघडला, म्हाबळूनं भिंग लावलं. दांडी सरळ होती, पण हिरा तिरका बसवलेला. पोरगा म्हणाला, एवढं चालतं. म्हाबळूनं भिंग मालकाच्या हातात दिलं. मालकानं पाहिलं, सुस्कारा टाकला आणि कपाटातून दुसरा खोका काढला. तो चांगला होता. म्हाबळूनं ती पिन कापूस घातलेल्या जेवणाच्या डब्यात ठेवली आणि लोंढ्यापर्यंत तो डबा मांडीवरून खाली ठेवला नाही.

प्लेअर, पत्र्याचा डबा आणि एक स्पीकर घेऊन तो जोयड्याला बसनं आणि तिथून भाड्याच्या जीपनं गुंदला गेला. काशीच्या पडवीत भाताच्या कणगीशेजारी टेबल लावलं. टेबल डुगडुगत होतं, पायाखाली कौलाचा तुकडा सरकवून त्यानं ते सपाट केलं. काशीनं गुणामावशीला बोलावून आणलं होतं. सातांतली ती एकटीच आता हयात होती. ऐंशीच्या पुढची, पण कान शाबूत.

पिन टेकवायच्या आधी म्हाबळू थांबला. दोन वर्षं तोंडाशी आलेलं त्यानं सांगून टाकलं.

“काशीअक्का, ही रेकॉर्ड मीच घासली. पिनीवर नाणं ठेवून वाजवत हुतो. तवा कळत हुतं, तरी वाजवली.”

काशीनं त्या करड्या पट्ट्याकडं बघितलं. “तू वाजवली नसतीस तर मला काय ऐकायला मिळालं असतं?” ती म्हणाली. “लाव आता.”

चरचर होती, पण दूर गेलेली. तिच्या अलीकडं सात बायका उभ्या होत्या. एक खणखणीत आवाजात ओळ उचलायची, बाकीच्या ती झेलायच्या. मागं कुठंतरी पाण्यात पाय पडल्याचा आवाज होता. तो म्हाबळूनं शंभरदा रेकॉर्ड वाजवूनही कधी ऐकला नव्हता. काशी त्या खणखणीत आवाजाकडं झुकली आणि तिचे ओठ हलले. तिला तो पाठ होता.

गुणामावशीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. “ती मी,” ती म्हणाली. “पयली ओळ मी उचलायची. तुजी आय दुसरी. थांब. आता येती.”

पहिला आवाज ओळ सोडत होता आणि त्याच्या खालून, किंचित उशिरा, एक जाडसर, शांत आवाज आला. घाई नसलेला. कर्ण्यातून हा आवाज कधी आलाच नव्हता. नाण्याखाली तो आधी पुसला गेला होता. लहानपणापासून लोक काशीला सांगत होते की ही तुझी आई, आणि ती दुसरीलाच आई समजून ऐकत आली होती.

काशी रडली नाही. ती उठून टेबलाजवळ गेली आणि कान स्पीकरला लावून बसली. दुसऱ्या कडव्यात रेकॉर्ड पार गेलेली होती, तिथं नुसती खरखर आली. हिरासुद्धा तिथं काही करू शकला नाही. म्हाबळूनं मान हलवली. पण गुणामावशीनं ते कडवं तोंडानं म्हटलं, दम लागत होता तरी म्हटलं, आणि तिसरं सुरू झालं तशी ती थांबली.

म्हाबळूनं ते सगळं फोनमध्ये भरून काशीच्या लेकीला पाठवलं आणि सांगितलं की आता रेकॉर्ड रोज वाजवायची नाही, हे ऐकायचं. तरी काशीनं पुन्हा लावायला सांगितलं आणि त्यानं लावली. तिसऱ्या वेळी ती आईच्या आवाजाबरोबर गायला लागली. आधी लवकर शिरली. गुणामावशीनं तिला हातानं अडवलं. मग फारच उशिरा शिरली.

“न्हाई,” मावशी म्हणाली, “मी श्वास सोडते बघ, तवा.”

परतीची बस केव्हाच गेली होती. म्हाबळूनं पिन उचलली, फडक्यानं हलकेच पुसली आणि पुन्हा पहिल्या ओळीवर ठेवली.