तीन बोटांचं माप

"अव्वा, मनगटाच्या घडीपासून तीन बोटं मोजा. तिथं दोन शिरांच्या मधोमध अंगठ्यानं दाबा," असं म्हणून मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो.

निजामाच्या राजवटीत मी सास्तूरच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. कंपाउंडर म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेल्या पुड्या बांधणारा, मिक्सचर ढवळणारा माणूस. आपल्या डोक्यानं इलाज करायची त्याला परवानगी नसते. पण डॉक्टरसाहेब तालुक्याहून आठवड्यातून एकदाच येत आणि त्यांना यायला अजून एक दिवस होता. इकडं किराणा दुकानदाराची बायको शांता, चौथा महिना लागलेली, तीन दिवस तिच्या पोटात पाण्याचा घोटही ठरत नव्हता. ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले. दुसऱ्या महायुद्धामुळं उलटीवरचं औषध आलं नव्हतं. नवरा माल आणायला सोलापूरला गेलेला. बैलगाडीच्या हिसक्यांत ती तालुक्यापर्यंत टिकेल असं मला वाटत नव्हतं.

मनगट दाबायचं मला एका चिनी माणसानं शिकवलं होतं. तेव्हा सायकलवर रेशमाचं गाठोडं लादून असे फिरते चिनी विक्रेते गावोगाव येत. हा तापानं फणफणला आणि चार दिवस दवाखान्याच्या ओसरीवर पडून राहिला. मी त्याला चाचा म्हणायचो. दोघांना मिळून वीसेक हिंदुस्तानी शब्द येत होते, पण तेवढ्यावर आमचं छान चाललं. मी गावात दोन वर्षं होतो. लोक औषध घेत आणि जात. सरकारी माणसापाशी बसायला कुणालाच नको होतं. चाचा बसायचा.

एकदा शिळं खाऊन मला उलट्या लागल्या. चाचानं माझं मनगट हातात घेतलं, मोजलं आणि दाबून धरलं. थोड्या वेळानं मळमळ बसली. अंगावर अशा ठरावीक जागा असतात, त्या दाबल्या की त्रास उतरतो, ही त्यांच्याकडची फार जुनी विद्या. आता तिला ॲक्युप्रेशर म्हणतात. मला खरं तर मळमळ बसल्याचं फारसं आठवत नाही. कुणीतरी आपला हात धरून बसलंय, हेच आठवतं. चाचा बरा होऊन पुढच्या गावी निघून गेला त्या दिवशी ओसरीकडं बघवेना.

तर शांता. तिचा हात मी धरणं शक्यच नव्हतं, म्हणून त्यांच्या माजघरात सासू नीलव्वा दाबत होती आणि मी भिंतीला सूचना देत होतो. सबंध दुपार गेली, तरी चमचाभर पाणीही टिकेना.

"कंपोंडरसाब, हे काय खरं न्हाय बगा," नीलव्वा म्हणाली. "म्या दाबून दाबून दमले. पोरगी हातची जाती माजी."

आपण शहाणपणा करायला गेलो आणि एका बाईचा जीव पणाला लावला, असं वाटलं. चाचानं काय काय केलं होतं ते मी पहिल्यापासून आठवायला लागलो. त्यानं माझा दुसरा हात ओढून घेतला होता. माझीच बोटं माझ्या मनगटावर आडवी ठेवली होती. मला वाटलं होतं, त्याला तसं सोयीचं पडतंय.

"अव्वा, कुणाच्या बोटांनी मोजलंत?"

"माज्या. आनि कुनाच्या?"

मी वळून बघितलं. जन्मभर गुळाच्या ढेपा उचललेली तिची जाड बोटं, आणि शांताचं काडीसारखं मनगट. सासूची तीन बोटं म्हणजे सुनेची चार. माप ज्याचं त्याच्याच बोटांचं घ्यायचं असतं!

"तिची बोटं लावा. तिचीच."

"तशी जागा बांगड्यांखाली येती की. बांगड्या उतरवायच्या न्हाईत, सांगून ठिवते."

"उतरवू नका. वर सारा."

बांगड्या वर सरकल्याचा आवाज आला. नीलव्वा दाबत राहिली. मीठ-साखरेचं पाणी मी चमच्या-चमच्यानं द्यायला सांगितलं. पहिला चमचा टिकला. मग दुसरा. दिवस मावळेपर्यंत वाटीभर पाणी पोटात गेलं, आणि शांता स्वतःच्या आवाजात म्हणाली, "आत्याबाई, भाकरीचा वास लई चांगला येतोय."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेब आले. शांताची नाडी बघितली आणि मला बाहेर नेलं.

"किसकी इजाजत से?"

"कुणाच्याच नाही, साहेब."

"ती पाण्यानं वाचली. चमच्यानं दिलंस ते अकलेचं काम. बाकी सब तमाशा."

असेलही. मनगट की पाणी, हे मला आजही सांगता येत नाही. साहेबांनी रजिस्टरात उर्दूत लिहिलं, मिक्सचरनं आराम पडला. ते मिक्सचर दवाखान्यात नव्हतंच.

शांताला मुलगी झाली. उलट्या होणाऱ्या बायका आता थेट नीलव्वाकडं जायला लागल्या. ती प्रत्येकीला बजावायची, "बोटं तुजी लाव ग, माजी न्हवं." दवाखान्याचा बाक रिकामा पडू लागला.

रोगी बरा झाला की पुन्हा येत नाही, आणि आमच्या कामात यालाच यश म्हणतात. मला ते मान्य आहे. तरी त्या वर्षी कितीतरी दिवस दारात सावली पडली की मी खल थांबवून वर बघायचो.