घोड्याखालचा चेहरा

सोनपेठच्या ओताऱ्याला मी कधी उजव्या हातानं रामराम करताना पाहिलं नाही. मेण मऊ राहावं म्हणून त्याचा गोळा कायम त्याच्या उजव्या बगलेत दाबलेला असे. पितळेचा देव ओतायच्या आधी तो आख्खा मेणात घडवायचा. पापण्यासुद्धा नखानं कोरायचा. फक्त चेहरा त्याला मनातून सुचत नसे. म्हणायचा, "डोळ्यासमोर मानूस पायजे."

आमच्या देवघरासाठी मी त्याला घोड्यावरचा खंडोबा सांगितला होता. कधीही विचारलं की एकच उत्तर, "व्हायलाय की."

एकदा गेलो, तर घोड्याच्या टापांखालच्या दैत्याला आमच्या ठाण्याच्या पोलीस अमीनसाहेबांचं तोंड! त्याच मिशा, तीच दुहेरी हनुवटी. मला हसू फुटणार, तेवढ्यात गळका लोटा झाळून घ्यायला अमीनसाहेबच दारात हजर. ओताऱ्यानं डाव्या हातानं सलाम केला. साहेबांनी वाकून दैत्य निरखला.

"ये सूरत किसकी है?"



"आजून कच्ची हाय, सरकार," म्हणत ओताऱ्यानं अंगठ्यानं मिशा चेपल्या. मग माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि शांतपणे नख चालवू लागला. भीतीनं मी जागचा हललोसुद्धा नाही. त्याला तेच हवं होतं.

खंडोबा फार सुरेख उतरला. रोजची पूजा मी करतो. सणावाराला देव उजळायचे ते बायकोनं. घोड्याखालचं माझं तोंड ती चिंचेनं घासते, जरा जोरातच.